मदत हवी आहे: ‘हूप’ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी, भाचीसाठी एक इंग्रजी गोष्ट मराठीत करतेय, ती सुट्टीत आली की वाचून दाखवायचीय, पण ‘हूप’ या एका शब्दापाशी चार दिवस अडलेय. गोष्टीतले आजोबा लाकडी पिंपं बनवतात आणि फळ्या आवळायला बाहेरून लोखंडी हूप ठोकतात, आणि नातू त्यातलंच एक जुनं हूप काठीने हाणत गावभर पळवतो. म्हणजे दोन्हीकडे शब्द एकच पाहिजे, नाहीतर गोष्टीतली गंमतच जाते.

एरवी आपलं सगळं ‘रिंग’वर भागतं. भरतकामाची रिंग, बास्केटबॉलची रिंग, कमरेभोवती फिरवतात तीही रिंगच. कानातल्याला मात्र छान बाळी आहे. पण पिंपाला रिंग अगदीच कोरडं वाटतं हो. आणि हूप तसंच ठेवलं तर भाचीला माकडाचं हुप्पच आठवणार!

मला आधी ‘धाव’ सुचलं, बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी पट्टी. आजोळी बघितलंय मी, गोवऱ्यांच्या जाळात लाल करून चाकावर चढवायचे आणि वरून पाणी ओतलं की ती आकसून लाकडाला गच्च धरायची. पिंपाला धाव चालेल का? कुणी सुतार-लोहारकामातलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १: ताई, धाव नको. धाव जमिनीवर झिजायला असते, चाकाची चप्पलच म्हणा ना. पिंप मधे फुगीर असतं, त्यामुळे हूप टोकाकडून पोटाकडे ठोकत नेलं की आपोआप आवळत जातं, तापवायलाच पाहिजे असं नाही. आमच्याकडे नांगराचा फाळ आवळून धरतो त्याला वसू म्हणतात, पण तो शब्द पुण्यामुंबईच्या पोरांना कळायचा नाही. सरळ ‘कडं’ लिहा.

धागाकर्ती: खूप आभार दादा! पोटाकडे ठोकत नेण्याचं मला माहीतच नव्हतं, त्या वाक्यात मी ‘तापवून बसवलं’ असं लिहून बसले होते, आत्ताच बदलते. ‘पिंपाचं कडं’ पक्कं. आता एवढंच सांगा, पोरगं ते काठीने पळवतं त्याला तुमच्या गावात काय म्हणायचे? आम्ही सायकलचं टायर घेऊन ‘गाडा गाडा’ खेळायचो. ‘कड्याचा गाडा केला’ असं लिहिलं तर आठ वर्षांच्या पोरीला कळेल ना?