आईचं देवळात जाणं बंद केलं, चुकलं का?

पंचवटीकर
आई 74 ची, गुडघ्यांचा त्रास, बीपीची गोळी चालू. इतकी वर्षं पहाटे काकड्याला, सोमवारी गंगेवर (म्हणजे आमच्या नाशकात गोदावरीवर), गुरुवारी भजनी मंडळ. पावसाळ्यात रामकुंडाच्या पायरीवर घसरली, मोडलं काही नाही पण मी घाबरलो आणि सगळंच बंद केलं, म्हटलं आरती टीव्हीवर बघ. आता दोन महिन्यांत उलटंच झालंय, दिवसभर पलंगावर, जेवण अर्धं आणि गुडघे आणखीनच आखडलेत. टाळांची पिशवी दाराच्या खिळ्याला तशीच लटकतेय. देवळाचा नि तब्येतीचा खरंच संबंध असतो का हो?

सिडकोची सून
माझ्या सासूबाईंचं सांगते, देव राहिला बाजूला, एक गुरुवार चुकला की मंडळातल्या चार बायका दारात, काय गं, बरं नाही का म्हणून. तुमच्याकडे आता हे कोण विचारतंय? शिवाय जाऊन-येऊन चालणं होतं ते वेगळंच.

आकडेवाला
यावर अमेरिकेत 2016 साली मोठा अभ्यास आला होता, 74 हजारांवर नर्स, 16 वर्षं लक्ष ठेवलेलं. आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा चर्चला जाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा 33 टक्क्यांनी कमी निघालं. कारणांत सिगारेट कमी, नैराश्य कमी, माणसांचा आधार जास्त. पण त्या सगळ्या बायका, त्यात बहुतेक ख्रिश्चन, ते जसंच्या तसं आपल्या काकड्याला लावू नका. आणि जो धडधाकट तोच देवळापर्यंत पोचतो हीपण गोम आहेच, आधीची तब्येत हिशेबात धरली तरी ती पूर्ण सुटत नाही.

सिडकोची सून
अहो 33 टक्के सोडा, त्यांना रिक्षात बसवा आधी 😀

सातपूर
गंगेवर शेवाळ असतं, तिथे नकोच. बाकी जाऊ द्या. फक्त उपास बघा, शुगरची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकादशी नको, आमच्या बाबांना गोळी घेऊन नुसत्या चहावर राहिल्याने दरदरून घाम नि चक्कर आली होती. साबुदाण्याने शुगर चढते ती वेगळीच.

पंचवटीकर
शुगर नाही, बीपीच. गुरुवारी रिक्षाने नेलं, काठी घेतली तर लोक काय म्हणतील म्हणून वाटभर कुरकुर, आत गेली आणि अर्ध्या तासाने बघतो तर काठी कोपऱ्यात नि बाई उभ्याने टाळ वाजवतेय. फिजिओला शनिवारी दाखवतो.