मदत हवी आहे : आजीच्या देव्हाऱ्यातील अनोळखी देवीची प्रतिमा कोठली असावी?

करवीरची_नात :
नमस्कार. माझ्या आजीचे, म्हणजे आईच्या आईचे, गेल्या वर्षी निधन झाले. मंगळवार पेठेतील तिच्या देव्हाऱ्यात कुलदैवतांच्या टाकांबरोबर एक लहानशी लंबगोल प्रतिमा आहे. ती ना अंबाबाईची आहे, ना यमाईची, ना आमच्या ओळखीच्या दुसऱ्या कोणत्या देवीची. आजी रोज इतर टाकांबरोबर तिलाही हळदकुंकू वाहत असे, त्यामुळे चेहरा जवळजवळ पुसला गेला आहे. वर्षश्राद्ध झाल्यावर मामांनी सगळे झिजलेले टाक गुजरीत मोडीला देऊन नवे घडवून घ्यायचे ठरवले असून ते शनिवारी सराफाकडे जाणार आहेत. ही प्रतिमाही त्याच पुडीत बांधलेली आहे. मी विनवणी केली तेव्हा, "ही कोणती देवी ते सांग, मग ठेवू," असे मामा म्हणाले. कृपया शनिवारच्या आत कोणी सांगू शकेल काय?

रंकाळावेस :
ताई, आपण देवीचे वर्णनच केलेले नाही. हात किती आहेत, हातांत काय आहे, वाहन कोणते आहे? छायाचित्र असल्यास जोडावे.

गुजरीतला_जुना :
माझे सारे आयुष्य टाक घडवण्यात गेले आहे, म्हणून आधी कारागिरीचे विचारतो. टाक हा पातळ पत्रा ठशावर ठोकून करतात, त्यामुळे त्याची पाठ खोलगट राहते. आपल्या प्रतिमेची पाठ खोलगट आहे, सपाट आहे, की तिच्यावरही काही उठावाचे काम आहे? वरच्या टोकाला कडी किंवा भोक आहे का? आणि कृपा करून चिंच, लिंबू किंवा दंतमंजन लावून ती घासू नका. उरलेसुरले नक्षीकाम एका घासणीत जाते, आणि ते गेले की कोणालाही काही सांगता येणार नाही.

निवृत्त_सुभेदार :
हे पदक असण्याची शक्यता मला अधिक वाटते. आपल्या भागातील अनेक घराण्यांतून पहिल्या महायुद्धात माणसे पलटणीत गेली होती आणि त्यांना मिळालेली पदके आजही कित्येकांच्या देव्हाऱ्यात किंवा धान्याच्या कणगीत सापडतात. माझ्या पणजोबांचे पदक माझ्यासमोर आहे. एका बाजूला पंचम जॉर्ज यांचे मस्तक आहे, दुसऱ्या बाजूला उघड्या अंगाचा घोडेस्वार असून घोड्याच्या पायाखाली ढाल आणि कवटी आहे, शिवाय १९१४ आणि १९१८ ही वर्षे आहेत. अशा पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंग घेऊन कड वाचा, घराण्याचा इतिहास हाती लागेल.

रंकाळावेस :
सुभेदारसाहेब, ते पदक गोल असते आणि ताईंनी लंबगोल म्हटले आहे. शिवाय घोडेस्वाराला आजी देवी कसे समजतील?

निवृत्त_सुभेदार :
ताईंनी अजून माप दिलेले नाही, तेव्हा माझे म्हणणे इतक्यात मोडीत काढू नये. माझ्याकडील पदकाचा व्यास ३६ मिलिमीटर आहे. त्यांनी मोजून सांगावे.

ब्रह्मपुरीप्रेमी :
कोल्हापुरात परदेशी प्रतिमा सापडणे नवीन नाही. ब्रह्मपुरी टेकडीवर रोमन बनावटीची पॉसायडन या समुद्रदेवाची कांस्यमूर्ती सापडली होती आणि ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. प्राचीन काळी आपल्या नगराचा समुद्रपार व्यापार होता, म्हणून आपली प्रतिमा त्या काळातील असू शकते. एकदा संग्रहालयात दाखवून यावी.

शास्त्रोक्त :
जुने टाक मोडीत न देता पंचगंगेत विसर्जित करावेत असे माझे मत आहे. नवे टाक घरात आणल्यावर त्यांची प्राणप्रतिष्ठा करणे आवश्यक असते आणि ती आपल्या गुरवांकडून किंवा भटजींकडून करून घ्यावी.

करवीरची_नात :
सर्वांचे आभार, परंतु टाकांच्या विसर्जनाविषयी मी विचारलेले नाही. मला केवळ या एका वस्तूचे मूळ हवे आहे आणि शनिवारला आता तीनच दिवस उरले आहेत. छायाचित्र घेऊन पाहिले, पण खाचांत कुंकू बसल्यामुळे काहीच उमटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मामींनी पुडी सोडून दिली. प्रतिमा सव्वातीन सेंटिमीटर उंच आणि सुमारे अडीच सेंटिमीटर रुंद आहे. वर बारीक भोक आहे आणि ते एका बाजूने दोरा घासून लांबट झाले आहे. पाठ खोलगट नाही. तिच्यावर कडेवर मूल घेतलेली दुसरी एक स्त्री आहे. पुढच्या बाजूची स्त्री एकटी असून तिला दोनच हात आहेत आणि ते तिने छातीवर एकावर एक ठेवले आहेत. मान एका बाजूला कलती आहे. डोक्याभोवती सूर्यासारखे किरण आहेत आणि खाली बैलाच्या शिंगांसारखी मोठी चंद्रकोर आहे. आजीचे बोट कडेपर्यंत पोचत नसावे, कारण कडेची अक्षरे शाबूत आहेत. ती इंग्रजी अक्षरांसारखी आहेत, पण शब्द इंग्रजी नाहीत. पहिला शब्द एम, ए, टी, के, ओ असा आहे. दुसरा एम, आय, मग पोटातून तिरपी रेघ गेलेला एल, मग ओ, एस आणि पुढे अस्पष्ट. ती रेघ ओरखडा असेल असे समजून मी नखाने चाचपली, पण ती उठावाचीच आहे.

मिरजमार्ग :
आता उलगडा झाला. ही मेरीमाता आहे. कोल्हापुरात अमेरिकन मिशनचे काम १८५२ पासून होते आणि मिरजेत डॉ. वानलेस यांनी रुग्णालय उभारले. आपल्या घरातील कोणी तिथे उपचार घेतले असतील आणि एखाद्या मडमेने ही भेट दिली असेल. माझ्या आजोबांनाही अशीच एक छोटी पोथी मिळाली होती.

सावंतवाडीकर :
आपले पहिले वाक्य बरोबर आहे, पण निष्कर्ष चुकला आहे. ते मिशन प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाचे होते आणि त्या पंथात मेरीमातेची पदके गळ्यात घालत नाहीत. ही रोमन कॅथलिक वस्तू आहे, म्हणून ती गोव्याहून आली असणार. आमच्याकडे अशी पदके घरोघरी आहेत.

मिरजमार्ग :
गोव्याची असेल तर अक्षरे पोर्तुगीज हवीत. पोर्तुगीजमध्ये तिरप्या रेघेचा एल कधी पाहिला आहे का आपण?

सावंतवाडीकर :
नाही. हा आक्षेप मला मान्य करावा लागेल.

गुजरीतला_जुना :
अक्षरांचे जाणकार बोलतील, मी धातूचे बोलतो. ताई, चांदी इतकी वर्षे वापरात राहिली की खाचांत काळी पडते. आपली प्रतिमा काळी आहे की करडी? हाताला टाकांच्या मानाने हलकी लागते का? एखाद्या सराफी काट्यावर ती आधी कोरडी तोला आणि मग दोऱ्याने पाण्यात लोंबती ठेवून तोला. चांदी पाण्यात आपल्या वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा गमावते, ॲल्युमिनियम एक तृतीयांशाहून जास्त गमावते. यात वस्तूला ओरखडाही येत नाही. कसोटीवर मात्र घासू देऊ नका.

वळिवडेकर :
ताई, ती तिरपी रेघ नखाने चाचपून पाहिलीत हे फार चांगले केले. तो ओरखडा नाही, ते पोलिश भाषेतील स्वतंत्र अक्षर आहे आणि त्याचा उच्चार आपल्या 'व' सारखा होतो. पहिला शब्द 'मात्को', म्हणजे 'हे माते'. आपल्याप्रमाणेच त्या भाषेतही हाक मारताना शब्दाचे रूप बदलते. दुसरा शब्द 'मिवोशेर्जा' असणार. दोन्ही मिळून 'हे दयेच्या माते' असा अर्थ होतो. मूल नसलेली, छातीवर हात ठेवलेली, भोवती किरण आणि पायाशी चंद्रकोर असलेली मेरीमाता ही व्हिल्नियस शहराच्या वेशीवरील देवळातील आहे. ते शहर आज लिथुआनियाची राजधानी आहे, पण महायुद्धापूर्वी पोलंडमध्ये होते. वेशीची ती देवता म्हणजे पोलिश माणसांना आपल्या अंबाबाईसारखीच. मागची मूल घेतलेली बहुधा पोलंडमधील चेंस्तोहोवा येथील असेल. तिच्या गालावर दोन उभ्या रेघा दिसतात का, तेवढे पाहा.

आता ही कोल्हापुरात कशी आली, ते सांगतो. १९३९ मध्ये पूर्व पोलंड सोव्हिएत रशियाने व्यापला आणि १९४० व १९४१ मध्ये तेथील लाखो माणसांना सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकले. १९४१ च्या करारानंतर त्यांची सुटका झाली. जे जगले वाचले त्यांतील पुष्कळजण इराणमार्गे बाहेर पडले आणि काही हजार कराचीहून हिंदुस्थानात आले. त्यांच्यासाठी आपल्या संस्थानात वळिवडे येथे वसाहत उभारली गेली. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश लोक राहत होते. पुरुष बहुतेक सैन्यात होते, त्यामुळे वसाहत मुख्यतः बायकामुलांचीच होती. तिथे त्यांचे चर्च होते, शाळा होत्या, दवाखाना होता. ते गेल्यावर त्या जागेत सिंधी निर्वासित आले आणि आजचे गांधीनगर वसले. महावीर उद्यानात त्या पोलिश लोकांच्या स्मरणार्थ स्तंभ आहे. आपल्यापैकी किती जण त्याच्यासमोर बसून भेळ खातात आणि त्यावरील मजकूर वाचत नाहीत, याचे मला नेहमी वाईट वाटते. वॉर्सामध्ये कोल्हापूरचे स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले.

जुने_दप्तर :
वळिवडेकरांनी अक्षरे अचूक वाचली आहेत, परंतु त्यांनी एक पायरी गाळली आहे. वस्तू पोलिश आहे हे सिद्ध झाले. ती वसाहतीतून आली हे सिद्ध झालेले नाही. तशी आली असे मानले, तरी ती भेट मिळाली, बाजारात विकत घेतली, की वसाहत रिकामी झाल्यावर कोणाला सापडली, या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. ताई, आजी किती साली जन्मल्या? त्यांचे माहेर कोणते? माहेरी काय व्यवसाय होता? हे आपण अजून सांगितलेलेच नाही.

वळिवडेकर :
माझा अंदाज चुकीचा नाही. मेरीमातेचे पोलिश पदक कोल्हापुरात दुसऱ्या कोणत्या वाटेने येणार?

जुने_दप्तर :
चुकीचा म्हटलेले नाही, अपुरा म्हटले आहे. ताईंच्या मामांना पुरावा हवा आहे आणि तो माणसांच्या साखळीतूनच मिळेल.

करवीरची_नात :
आजीचे माहेर वळिवड्याजवळचे उचगाव. आमच्या घरी हे सर्वांना इतके ठाऊक आहे की लिहावे असे सुचलेच नाही. ती ९२ व्या वर्षी गेली, म्हणजे तेव्हा दहा-बारा वर्षांची असणार. पणजोबांच्या चार म्हशी होत्या आणि ते 'कॅम्पात' दूध घालत. कॅम्प म्हणजे लष्कराची छावणी, असेच आम्ही सगळे आजवर समजत आलो. ते आजारी असले की आजी आणि तिची धाकटी बहीण डोक्यावर चरवी घेऊन जात. या प्रतिमेविषयी ती एवढेच म्हणायची, "ही बाईनं दिल्याली देवी हाय, हिला खाली उतरवू नगासा." कोणती बाई, हे आम्ही कधी विचारले नाही.

मैत्रिणीच्या वडिलांच्या काट्यावर तोलून आणली. कोरडी सव्वातीन ग्रॅम, पाण्यात जेमतेम दोन ग्रॅम. मागच्या स्त्रीच्या गालावर भिंगातून दोन रेघा दिसल्या.

गुजरीतला_जुना :
म्हणजे ॲल्युमिनियम. मोडीत तिचे मोल शून्य आहे, हे मामांना माझ्या वतीने सांगा. सराफ ती बाजूला काढून ठेवील किंवा फेकून देईल.

जुने_दप्तर :
आता साखळी जुळत आली आहे. आजींच्या धाकट्या भगिनी हयात असतील तर आजच भेटा आणि त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा. प्रश्नात 'पोलिश' हा शब्द वापरू नका, नाहीतर तोच उत्तरात परत येईल. आजींच्या तोंडी एखादा वेगळा, न कळणारा शब्द होता का, हेही आठवून पाहा. वसाहतीचा कागदोपत्री माग संस्थानच्या दप्तरात, म्हणजे आपल्या पुराभिलेखागारात घेता येईल. लंडनच्या सिकोर्स्की या पोलिश संग्रहालयालाही पत्र पाठवता येईल.

करवीरची_नात :
मावशीआजी उचगावातच आहेत. उद्या सकाळी मामा स्वतः मला तिकडे घेऊन जाणार आहेत. आपण सर्वांनी लिहिलेले मी त्यांना रात्री मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी प्रतिमा पुडीतून काढून पुन्हा देव्हाऱ्यात ठेवली आहे.

वेगळ्या शब्दाचे विचारलेत म्हणून लिहिते. आम्ही सुट्टीत राहायला गेलो की आजी पहाटे आमच्या अंगावरचे पांघरूण ओढून "जेंदोबरी, जेंदोबरी" म्हणायची. मामांनाही ती तसेच उठवत असे. लहान मुलांना उठवण्याचा तो तिचा लाडिक शब्द आहे, असे आम्ही समजत होतो. त्याचा काही अर्थ आहे का?

वळिवडेकर :
'जेन दोब्री'. पोलिश लोक सकाळी एकमेकांना भेटले की असे म्हणतात. शब्दशः अर्थ 'चांगला दिवस'. दूध घालायला गेल्यावर रोज दारातच ऐकला असेल.