तोंडाचा कॅन्सर: मानेत गाठ नसताना मानेचं ऑपरेशन कशाला? टाटाच्या अभ्यासातून काय निघालं?

गिरणाकाठ:
चाळीसगाव, भडगाव, पारोळा भागातल्या तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांना फाईल, योजना, मुंबईचा प्रवास यात मदत करतो. एकच वाद पुन्हा पुन्हा समोर येतो म्हणून जाणकारांना विचारतोय.

जिभेच्या कडेला किंवा गालाच्या आत दोन-अडीच सेंटिमीटरची जखम. बायोप्सीत कॅन्सर. मानेत हाताला काही लागत नाही, सोनोग्राफीही साफ. तरी सर्जन म्हणतात, जखमेबरोबर त्या बाजूची मानही साफ करायची. नातेवाईक बिथरतात. 'गाठच नाही तर गळा कशाला चिरता, बिल वाढवायला का?' काही जण नुसती जखम काढून घेतात आणि मानेचं नंतर बघू म्हणतात.

टाटा मेमोरियलने यावर मोठा अभ्यास केलाय एवढं ऐकून आहे. त्यात नेमकं काय निघालं? परळला जाताना इथून काय न्यावं, म्हणजे तिथे आठवडा फुकट जाणार नाही? आणि ते व्हॉट्सॲपवर फिरणारं 'स्वस्त इम्युनोथेरपी' प्रकरण कितपत खरं?

शल्यक:
भाऊ, मान जखमेबरोबरच साफ करावी यावर आता फारसा वाद उरलेला नाही. टाटाचे डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांची ती चाचणी २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आली. रुग्ण तुम्ही सांगता तसेच: टी१ किंवा टी२ (म्हणजे सुरुवातीच्या टप्प्याची लहान जखम), जखम एका बाजूला, मानेत गाठ नाही. चिठ्ठ्या टाकून केल्यासारखे दोन गट. एका गटाची मान जखमेबरोबरच साफ केली, दुसऱ्या गटाची पुढे गाठ उगवली तरच. ५०० रुग्णांचा हिशेब असा: तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के जिवंत, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. रोग न उलटता जगलेले ६९.५ टक्के आणि ४५.९ टक्के. यात नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. फरक फक्त मान कधी उघडली याचा.

असं का होतं? मानेत मुळातच बारीक लसिका ग्रंथी असतात, आम्ही त्यांनाही गाठीच म्हणतो. अशा गाठीतला दोन-तीन मिलिमीटरचा कॅन्सर बोटाला लागत नाही, सोनोग्राफीतही बऱ्याचदा सुटतो. बोटाला लागेपर्यंत तो कधी कधी गाठीचं कवच फोडून बाहेर आलेला असतो. मग ऑपरेशन मोठं होतं. मानेचा मोठा स्नायू, मोठी शीर, खांद्याची नस, यातलं काही ना काही गमवावं लागतं. त्यावर शेक (रेडिएशन) आणि किमो येतात ते वेगळेच. 'नंतर बघू' गटातले रुग्ण अभ्यासात होते, म्हणजे त्यांच्या तपासण्या वेळच्या वेळी होत होत्या. आपल्याकडे कापूस वेचणी लागली की रुग्ण दोन-तीन महिने फिरकत नाही. इथे तोच मार्ग धरला तर निकाल त्याहून वाईट लागतील असं माझं मत.

नातेवाइकांना हेही सांगा की 'गळा चिरणं' म्हणजे अन्ननलिका किंवा श्वासनलिका कापणं नव्हे. जबड्याखालपासून साधारण गळ्याच्या मध्यापर्यंतची चरबी आणि त्यातल्या गाठी काढतात, आमच्या भाषेत लेव्हल एक ते तीन. स्नायू, शीर, नस तीनही राखतात. वेळ तास-दीड तासाने वाढतो. एक ड्रेन, म्हणजे आत साचणारं पाणी बाहेर काढणारी नळी, राहतो. चोवीस तासांत २५-३० मिलिलिटरच्या खाली आला की काढतात. घाई करून आधी काढला तर आत पाणी साचतं आणि पुन्हा सुई घालावी लागते.

त्रास अजिबात नाही असं नाही. अभ्यासात गुंतागुंत ६.६ टक्के होती, दुसऱ्या गटात ३.६. जबड्याच्या कडेने जाणारी बारीक नस ताणली गेली तर ओठाचा कोपरा काही आठवडे वाकडा दिसतो. कानाची पाळी बधिर राहते. खांदा जड होतो, हात डोक्यावर न्यायला त्रास होतो. खांद्याचे व्यायाम सर्जनच्या परवानगीने लवकर सुरू केले नाहीत तर तो आखडतो, आणि मग शेतकऱ्याला फवारणीचा पंप पाठीवर घेता येत नाही. टाके काढले म्हणजे काम संपलं असं समजणारे रुग्ण नेमके इथेच अडकतात.

गिरणाकाठ:
खूप उपयोगी. पण आपल्याकडे गुटख्यामुळे गालाचे रुग्ण जास्त. अभ्यास जिभेचा होता का? आणि अगदी उथळ जखम असेल तरीही मान?

स्लाइडवाला:
हा प्रश्न बरोबर पकडलात. अभ्यासात बहुसंख्य रुग्ण जिभेचेच होते. गालाचे होते, पण कमी. तरी निष्कर्ष गालालाही लावतात, कारण गाठींकडे जाण्याची वाट तीच. गालाच्या जखमेला सर्जन थोडा अधिक विचार करतात एवढंच.

उथळपणाचा मुद्दा पॅथॉलॉजीचा आहे. जखम किती रुंद यापेक्षा किती खोल, याला किंमत जास्त. त्याच अभ्यासात ३ मिलिमीटर किंवा त्याहून कमी खोलीच्या जखमांत मान आधी काढण्याचा फायदा स्पष्ट दिसला नाही. २०१८ पासून लागू झालेल्या टप्पेवारीत खोली धरलेलीच आहे: टी१ म्हणजे २ सेंटिमीटरपर्यंत आणि खोली ५ मिलिमीटरपर्यंत. जखम दीड सेंटिमीटरचीच, पण खोली ७ मिलिमीटर, तर ती टी२ झाली. अडचण अशी की बायोप्सीच्या तुकड्यावरून खरी खोली कळत नाही. तुकडाच ३ मिलिमीटरचा असेल तर रिपोर्टमध्ये खोली कुठून येणार? जिभेला एमआरआयवरून अंदाज येतो, पण सुजेमुळे तो थोडा जास्तच दिसतो. म्हणून अगदी उथळ वाटणारी जखम सोडली तर सर्जन मान धरतात, आणि ते योग्यच आहे.

आता कागदपत्रांचं. वेळ फुकट जातो तो बहुतेक इथेच.

मोठं केंद्र बाहेरच्या बायोप्सीचा रिपोर्ट वाचून थांबत नाही, तुकडा स्वतः पुन्हा बघतं. त्यामुळे रिपोर्टबरोबर स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (तुकडा मेणात बसवलेली वडी) दोन्ही हवेत. ब्लॉक रुग्णाचा असतो. लॅबला लेखी अर्ज द्या, सही करून मिळतो. ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर जुळतो का ते काउंटरवरच बघा. आणि मे महिन्यात तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण ५६ ते ६० अंशांना वितळतं, जळगावच्या उन्हात बंद गाडीत तेवढं तापायला वेळ लागत नाही.

बायोप्सीच चुकीची घेतलेली असेल तर पुढचं सगळं अडतं. तुकडा जखमेच्या कडेचा हवा, मधल्या सडलेल्या भागाचा नको. मधून घेतला की रिपोर्ट येतो 'फक्त मृत पेशी'. तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रावणात. छोट्या दवाखान्यातून सलाइनमध्ये टाकून पाठवलेले तुकडे येतात. धुळ्याहून बसने पोचेपर्यंत पेशी सडायला लागलेल्या असतात. दुसरी एक सवय मोडायला हवी: जखमेजवळचा दात हलतो म्हणून आधी उपटणं. उपटलेल्या दाताच्या खाचेतून कॅन्सरला हाडात शिरायला वाट मिळते. दात हलतोय, शेजारी न भरणारी जखम आहे, तर आधी बायोप्सी.

सीटीची फिल्म नव्हे, सीडी न्या, मूळ डायकॉम (संगणकावर उघडणाऱ्या) प्रतिमांसकट. गालाच्या रुग्णाचा सीटी गाल फुगवून काढायचा असतो. गाल आणि हिरडी चिकटलेली राहिली तर जखम नेमकी कुठली ते समजत नाही. टेक्निशियनला आधी सांगितलं नाही तर साधाच काढतात आणि मुंबईत पुन्हा काढावा लागतो.

तापीथडी:
स्लाइडवाल्यांनी मुख्य ते सांगितलं. त्यात भर. ओरिजिनल आधार, रेशनकार्ड आणि झेरॉक्सचे तीन-चार संच बरोबर ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच आहे, पण मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते. आधारवरचं आणि रेशनकार्डावरचं नाव जुळत नसेल तर तिथेच अडकतं. 'भिका' आणि 'भिकन' असले फरक गावातच तहसीलला दुरुस्त करून निघा.

रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण सवलत असते, सोबत्याला ७५ टक्के. फॉर्म रुग्णालयातून मिळतो. पहिल्या फेरीला तो हातात नसतो, म्हणून पहिलं तिकीट पूर्ण भाड्याचंच धरा. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा परळच्या रुग्णांना जवळ पडते. तिथेही रुग्णालयाची कागदपत्रं दाखवावी लागतात.

गिरणाकाठ:
आणखी एक. ऑपरेशननंतर कुणाला दर आठवड्याला किमो, कुणाला तीन आठवड्यांनी. एकच रोग, मग असं का? आणि इम्युनोथेरपीचं राहिलंच.

डे_केअर:
आधी किमो. ऑपरेशननंतर सगळ्यांना किमो नसतो. कवच फुटलेली गाठ किंवा काढलेल्या तुकड्याच्या कडेला कॅन्सर राहिलेला, अशांना शेकाबरोबर सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध. शेक साधारण ६० ग्रे (शेकाच्या मात्रेचं माप), ३० बैठकांत वाटून, आणि ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा. हा सहा आठवड्यांचा हिशेब सर्वांत जास्त चुकतो, दातांमुळे. खराब दात शेकाच्या निदान दहा ते चौदा दिवस आधी काढावे लागतात, जखम भरायला. ते आठवतं पाचव्या आठवड्यात. शेक झाल्यावर दात काढला तर जबड्याचं हाड सडू शकतं. दंतवैद्याकडची फेरी ऑपरेशनच्या आधीच उरकून घ्या.

आठवड्याचा की तीन आठवड्यांचा, हेही टाटातच तपासलं गेलं, निकाल २०१८ मध्ये आला. आठवड्याला ३० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर आणि तीन आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम. दोन वर्षांनी तोंड-मानेतला रोग ताब्यात असलेले तीन आठवडेवाल्यांत ७३.१ टक्के, आठवडेवाल्यांत ५८.५. त्रास मात्र मोठ्या डोसला जास्त: गंभीर त्रास ८४.६ टक्क्यांना, दुसरीकडे ७१.६. म्हणून किडनी, कान आणि ताकद बरी असेल तर मोठा डोस. त्याआधी क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) आणि कानाची तपासणी, त्या दिवशी भरपूर सलाइन. उलट्या होऊन पाणी कमी पडलं की किडनीवर येतं, म्हणून घरी गेल्यावरचे तीन दिवस पाण्याकडे लक्ष ठेवा. सिस्प्लॅटिन झेपणारच नाही अशांसाठी डोसिटॅक्सेल १५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर दर आठवड्याला. तोही टाटाचाच अभ्यास, २०२३ चा. त्यात दोन वर्षांनी जिवंत असलेले ४१.७ वरून ५०.८ टक्क्यांवर गेले.

आता 'स्वस्त इम्युनोथेरपी'. खरी आहे, पण निरोपात अर्धंच सांगतात. निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारं इंजेक्शन. त्याचा नेहमीचा डोस दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. टाटाच्या डॉ. विजय पाटील यांच्या गटाने तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं, म्हणजे आठवड्याच्या हिशेबाने अठरावा हिस्सा. सोबत तीन गोळ्या: मेथोट्रेक्सेट ९ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर आठवड्यातून एकदा, सेलेकॉक्सिब २०० दिवसातून दोनदा, एर्लोटिनिब १५० रोज. १५१ रुग्ण. एका वर्षाने जिवंत असलेले नुसत्या गोळ्यांवर १६.३ टक्के, निवोलुमॅबसह ४३.४ टक्के.

हे रुग्ण कोण होते ते निरोपात नसतं. उलटलेला किंवा पसरलेला रोग, बरं करण्याचा मार्ग उरलेला नाही, उद्देश आयुष्य वाढवण्याचा. मध्यम आयुर्मान ६.७ महिन्यांवरून १०.१ वर गेलं. जो आत्ता ऑपरेशनने बरा होऊ शकतो त्याने हे वाचून ऑपरेशन सोडणं म्हणजे हातचं घालवणं. व्यवहारातली एक गोष्ट: ४० मिलिग्रॅमच्या व्हायलमधून दोन रुग्णांचं भागतं, पण दोघांना एकाच दिवशी बोलवावं लागतं. तारीख चुकवू नका. आणि मेथोट्रेक्सेट आठवड्याची गोळी आहे, रोजची नव्हे. रोज घेतली तर तोंडभर फोड येतात, रक्त खाली जातं, जीवही जाऊ शकतो. पाकिटावर वार लिहून द्या. आजीला वाचता येत नसेल तर गोळ्या नातवाच्या ताब्यात.

कुणाला तिथे नवीन अभ्यासात सामील होण्याबद्दल विचारलं तर घाबरू नका. संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा. अभ्यासाचा सीटीआरआय (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक त्यावर शोधा. मधेच बाहेर पडलात तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत, आणि अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार व भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे.

तापीथडी:
नळीचं कुणी लिहिलं नाही म्हणून. नाकातून पोटात जाणारी नळी घेऊन रुग्ण घरी येतो आणि घरचे कळण्याची भाकरी दुधात कुस्करून ढकलतात. नळी तुंबते. ज्वारीच्या पिठाची पातळ पेज, वरणाचं पाणी, अंडं घातलेलं दूध, सगळं फडक्याने गाळून, एका वेळी २०० ते २५० मिलिलिटर, दर दोन-तीन तासांनी. आधी नळीवरची खूण जागेवर आहे का बघा. सरकली असेल तर काहीही घालू नका, अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. घालताना रुग्ण बसलेला, नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. प्रत्येक वेळी शेवटी ३० मिलिलिटर पाणी. गोळी असेल तर पूड करून वेगळी, पण काही गोळ्या फोडायच्या नसतात, ते फार्मसीत विचारून घ्या.

शल्यक:
तोंड उघडण्याचे व्यायामही यात धरा. गुटखावाल्यांचं तोंड आधीच आखडलेलं असतं. सर्जनने परवानगी दिली की आईस्क्रीमच्या काड्यांची चवड दातांत धरायची, आणि जमेल तशी एकेक काडी वाढवत जायची. उघडझाप ३५ मिलिमीटरच्या खाली राहिली तर जेवण, दात घासणं आणि पुढच्या तपासण्या तिन्ही अवघड. शेक चालू असतानाही थांबवू नका, त्याच काळात ते पुन्हा आवळतं.

गिरणाकाठ:
सगळं छापून गटातल्या कार्यकर्त्यांना देतो. शल्यक दादा, मानेबद्दलचा भाग तुमच्याच शब्दांत फलकावर लावला तर चालेल ना?

शल्यक:
लावा. फक्त टक्केवारीखाली 'टी१-टी२, मानेत गाठ नसलेले रुग्ण' हे ठळक लिहा, नाहीतर मोठ्या जखमेचे नातेवाईकही तोच ८०चा आकडा धरून बसतात.