आठवीतल्या मुलीसाठी कादंबऱ्या सुचवा (नवं गाव, नवी शाळा)

वैदर्भी
नमस्कार. जूनमध्ये आम्ही अकोल्याहून पुण्याला आलो. लेक आठवीत आहे. तिकडे वर्गात सगळ्यांत जास्त बडबड हिचीच असायची. इथे ‘काऊन’ म्हटलं की बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघून हसतात, म्हणून शाळेत मोजकंच बोलते. परवा आजीशी फोनवरही पुणेरी बोलायला लागली. आजीला ते फार लागलं.

वाचनाची आवड आहे. गोट्या, फास्टर फेणे केव्हाच वाचून झालेत. आता वाढत्या वयाच्या, आपली जागा शोधणाऱ्या मुलांच्या कादंबऱ्या हव्या आहेत. उपदेशाची पुस्तकं कृपया नकोत, ती लगेच मिटून ठेवते.

वाचनकट्टा_कराड
ताई, आधी लंपन. प्रकाश नारायण संतांची ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’. तशा या कथा आहेत, पण मुलगा तोच, माणसं तीच, त्यामुळे ओळीने वाचल्या की कादंबरीच वाचल्यासारखं होतं. आई-वडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा. आजीचा जीव आहे त्याच्यावर, मित्र आहेत, सुमी आहे, आणि तरीही घरची आठवण अवेळी येऊन गाठते. संत ती आठवण पुसत नाहीत आणि पोराची कीवही करत नाहीत. आमच्या वाचनालयात बदलीवर आलेल्यांच्या मुलांना मी पहिलं ‘वनवास’ देते. परत द्यायला येतात तेव्हा पुढचं मागूनच जातात.

तुमच्या लेकीसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. लंपनची मराठी बेळगावकडची, कानडी वळणाची आहे. ‘मॅडसारखं’ तर पानोपानी. ती संतांनी कुठेही घासूनपुसून घेतलेली नाही, आणि पुण्या-मुंबईच्या वाचकांनी ती आहे तशी जीव लावून वाचली. ज्या बोलीला वर्गात हसतात तशीच एक बोली पुस्तकभर मानाने नांदते, हे त्या पोरीला दिसायलाच हवं.

त्यानंतर ‘बनगरवाडी’ (1955). व्यंकटेश माडगूळकरांची, अगदी छोटी. माणदेशातल्या धनगरवाडीत एक कोवळा मास्तर येतो. शाळा आहे पण पोरं नाहीत, ती मेंढरांमागे. म्हातारा कारभारी त्याला हळूहळू गावात घेतो, आणि मग गावाची तालीम उभी करण्यात मास्तर इतका गुंततो की उपरा कोण आणि गावचा कोण हे कळेनासं होतं. शेवटी दुष्काळ वाडी रिकामी करतो. तिथे मुलं थबकतात, एकदोघांनी तर मला विचारलं, मग ती माणसं कुठे गेली? लेकीने विचारलं तर घाईने उत्तर देऊ नका, बसून बोला.

मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ मी एक वर्ष थांबून देईन. गोष्ट नववीची आहे आणि त्यात शिव्या आहेत.

कुंदानगरी
बेळगावहून लिहितोय. लंपनबद्दल शंभर टक्के सहमत. पण पहिली कथा तुम्ही स्वतः मोठ्याने वाचून दाखवा. आमच्याकडचं ‘होय की’, ‘बघ की’ कानावर पडलं की लय सापडते, नाहीतर नव्या वाचकाला सुरुवातीची पानं अवघड जातात.

‘शाळा’बद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. आजच द्या. शिव्या मुलांनी ऐकलेल्याच असतात. मुकुंद जोशी आणि त्याचे मित्र अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसून जे बोलतात, ते या वयाच्या मुलांना घरी कोणापाशीच बोलता येत नाही. बाहेर आणीबाणी चालू आहे आणि पोराचं सगळं लक्ष शिरोडकर नावाच्या मुलीकडे. हेच तर ते वय.

पूर्णाकाठ
वऱ्हाडातली मुलगी आणि उद्धव शेळक्यांची ‘धग’ (1960) अजून कोणीच सुचवली नाही? कौतिक, तिचा संसार, तिची पोरं, आणि संवाद थेट आपल्या वऱ्हाडीत. कथा फार जड आहे, गरिबी आणि आजारपण मन पिळून काढतं, म्हणून आठवीत पूर्ण नको. पण ताई, तुम्ही वाचा आणि त्यातले काही संवाद तिला वाचून दाखवा. फोनवर आजीकडूनच वाचून घेतले तर फारच छान.

आणखी एक. आनंद यादवांची ‘झोंबी’. कागलचं पोर, बाप शेतावर राबवून घेतो, शाळा सुटते, आणि ते शाळेसाठी घरातच झगडत राहतं. माझ्या भावाने दहावीत वाचली आणि पहिल्यांदा वडिलांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं.

वैदर्भी
सगळ्यांचे आभार. ‘वनवास’ आणि ‘बनगरवाडी’ मागवली. ‘धग’ आईकडे आहे, ती सासूबाईंकडे पाठवायला तिला सांगते. अनुवाद चालतील का?

वाचनकट्टा_कराड
चालतील की! राम पटवर्धनांचं ‘पाडस’ घ्या. फ्लोरिडाच्या रानातला ज्योडी आणि त्याने वाढवलेलं हरणाचं पाडस. ते मोठं होतं आणि घराचं पोट ज्यावर आहे ते उभं पीक खायला लागतं. शेवट फार कठीण आहे, तेव्हा आधी स्वतः वाचा आणि ती शेवटाला पोचेल त्या दिवशी घरी राहा. आणि ‘धग’चं पूर्णाकाठ यांनी सांगितलेलं मला सुचलं नव्हतं, आजीकडून वाचून घ्याच.