गोळीचं ‘व्यसन’ म्हणायचं की दुसरा शब्द आहे? आणि जंतू की जीवाणू?

कळवेकरीण: मणक्याच्या ऑपरेशननंतर बाबांना दोन-अडीच महिने ट्रॅमाडोल (अफूच्या जातीची दुखण्यावरची गोळी) चालू होतं. स्ट्रिप संपली म्हणून आम्ही परस्पर बंद केलं तर दुसऱ्याच दिवशी दरदरून घाम, सारख्या जांभया, अंगावर काटा, आणि जे इतके दिवस इसबगोल घेऊनही कुंथत होते त्यांना दिवसात सात-आठ जुलाब. डॉक्टरांनी गोळी परत चालू करून हळूहळू कमी केली, म्हणाले हे व्यसन नाही, डिपेंडन्स आहे. पण सोसायटीत झालंच, ‘काकांना व्यसन लागलं म्हणे’. फार लागलं मनाला. डिपेंडन्सला मराठी काय? अवलंबित्व नको, ते सरकारी पत्रकात शोभतं.

नेरुळकर: ताई, संस्कृतात व्यसन म्हणजे संकटसुद्धा, पण आज कानाला दोषच ऐकू येतो. आमच्याकडे गर्दवाली मुलं गोळी तुटल्यावरच्या त्रासाला ‘टर्की’ म्हणतात, तोही काकांना चालायचा नाही. ‘भिनली’ म्हणा?

माजिवडा: भिनतं ते विष. मी ‘मुरली’ म्हणेन, लोणचं मुरतं तशी. गोळी अंगात मुरलीय, आणि मन मागतं ती तलफ. दोन्ही वेगळं.
जुलाबाचं म्हणाल तर अफूच्या जातीच्या औषधांचे रिसेप्टर, म्हणजे औषध जिथे चिकटून काम करतं त्या जागा, मेंदूत असतात तसे आतड्यातही असतात, म्हणून चालू असताना कोठा धरतो आणि सुटल्यावर उसळतो. आता तिथल्या जीवाणूंवरही काम चाललंय, २०२० साली अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या संशोधकांनी उंदरांना अँटिबायोटिक देऊन आतड्यातले जीवाणू कमी केले, तर ऑक्सिकोडोनच्या (हेही अफूच्याच जातीचं) नशेत आणि ते सुटताना मेंदूत कुठल्या पेशी कामाला लागतात ते चित्रच बदललं. उंदरांतलं आहे हे, माणसाला लगेच लावू नका. पण जंतू नको, जीवाणूच म्हणा.

कळवेकरीण: हो, जंतू म्हटलं की आईला जंताचं औषधच आठवतं. मी तिला ‘विरजणातले असतात तसले’ असं सांगितलं, लगेच कळलं.

नेरुळकर: ‘मुरली’ बेस्ट. पण मुरलेलं बाहेर काढायचं त्याला काय म्हणणार?

कळवेकरीण: ‘उतरवणं’. ताप उतरतो तशी गोळी उतरवतोय. काल खालच्या काकूंनी विचारलं तेव्हा बाबा स्वतःच म्हणाले, ‘अंगात मुरलीय हो, उतरवतोय, अर्ध्यावर आलो’.