प्लग बसला म्हणजे फाइल चालेल असं नाही
वर एकाने विचारलंय, ईडीसी १६ आणि ईडीसी १७ हे दोन्ही ईसीयू (इंजिन चालवणारे कॉम्प्युटर) बॉशचेच, मग एकाची ट्यून फाइल (इंजिनाच्या बदललेल्या सेटिंग्जची फाइल) दुसऱ्यात का नको? अहो, आतला प्रोसेसरच वेगळा! ईडीसी १६ मध्ये मोटोरोलाचा पॉवरपीसी, ईडीसी १७ मध्ये इन्फिनियनचा ट्रायकोअर. १६ बीडीएमने (बोर्डावरच्या पॉइंट्सना जोडून थेट प्रोसेसरशी बोलायची पद्धत) वाचता येतो. १७ ला बऱ्याचदा झाकण उघडून बूट मोडमध्ये (नेहमीचा प्रोग्राम न चालवता चिप थेट वाचता-लिहिता येते ती अवस्था) न्यावं लागतं. झाकण चिकटवलेलं सीलंट आपल्या सोलापूरच्या मे महिन्यातल्या उन्हालाही दाद देत नाही, हीट गन लागतेच. इथल्याच एका गॅरेजात माझं झाकण स्क्रूड्रायव्हरने उचकटलं, बोर्डाचा कोपरा खरवडून ठेवला. असो. स्टिकरवरचा बॉशचा हार्डवेअर नंबर बघा: ०२८१ ने सुरू झाला तर डिझेल, ०२६१ म्हणजे पेट्रोल. सॉफ्टवेअरचा नंबर वेगळा, तोही जुळायला हवा. दोन्ही ईसीयूंच्या स्टिकरचे फोटो टाका, मग बोलू.