'बस 174' : नेमबाजाने गोळी का झाडली नाही?

'बस 174' हा ब्राझीलमधल्या एका बस-ओलीसनाट्यावरचा माहितीपट. सांद्रो नावाच्या तरुणाने बंदुकीच्या धाकाने बसमधल्या प्रवाशांना ओलीस धरलं होतं. त्याच्याबद्दल एकाने विचारलंय, "चार तास तो खिडकीत दिसत होता, मग टिपला का नाही?" उत्तर माहितीपटातच आहे. 12 जून 2000 ला रिओच्या जार्दिम बोतानिको भागात बस अडली, तेव्हा पोलिसांनी लोकांना बसपासून लांब ठेवणारं कडं नीट घातलंच नाही. कॅमेरे आणि बघे बसला जवळजवळ खेटून उभे. सांद्रो खिडकीतून डोकं बाहेर काढत होता, नेम अवघड नव्हता. पण माणसाचं डोकं फुटताना अख्खा देश थेट पाहणार, या धास्तीने हुकूम सुटला नाही. बिनतारी संच नसल्याने जवान तर हातवाऱ्यांनी एकमेकांशी बोलत होते!

शेवटी एका तरुणीला ढाल करून तो खाली उतरला. एक जवान बाजूने धावला, हातभर अंतरावरून गोळी झाडली. ती सांद्रोला लागली नाही, तरुणीच्या हनुवटीला चाटून गेली. मग सांद्रोने तिच्या पाठीत गोळ्या घातल्या. तो जिवंत हाती लागला आणि पोलिसांच्या गाडीत गुदमरून मेला.

1993 साली रिओतल्या कांदेलारिया चर्चपाशी झालेल्या हत्याकांडात रस्त्यावरची आठ मुलं-तरुण मारले गेले, मारणाऱ्यांत पोलीस होते. सांद्रो त्यातून वाचलेला. बसमधून तो तेच ओरडून सांगतो, आणि माझ्या मते चित्रपटाचा कणा तिथेच आहे.

तुरुंगातल्या कोठडीचं दृश्य पुन्हा बघा. दिग्दर्शक जोसे पादिल्याने ते निगेटिव्हमध्ये, म्हणजे काळ्याचं पांढरं अन् पांढऱ्याचं काळं करून दाखवलंय: दाटीवाटीने उभे कैदी, गजांशी आलेले चेहरे, डोळ्यांच्या जागी पांढरे ठिपके.